एकशे बारा नंबरचा कोट

दुसरा अंक सुरू झाला की मला काम उरत नाही.
तीनशे सत्तर कोट, ओल्या लोकरीचा वास,
आणि भिंतीपलीकडून येणारी ती.
शब्द भिंतच गाळून घेते, माझ्यापर्यंत फक्त सूर पोचतो.
एसेनच्या या नाट्यगृहात बावीस वर्षं
मी नाटक असंच पाहत आले:
पाठमोरी, हँगर मोजत.

पावणेदहाला इर्मेला मनोऱ्यावर चढते, राणी होऊन,
आणि तो सूर लागतो.
किंवा लागत नाही. भांडण सगळं तिथंच आहे.

"पट्टी उतरवलीये!" बिल्ला पुढे सरकवत
फाइट सगळ्यांच्या आधी हजर.
"पांढरी चारवरून थेट तीनवर. ऐकलंत ना?
अर्ध्या स्वराची चोरी, आणि तिकीट एकशे एकोणतीस युरो!"
गाणं शिकतो तो. वीस वर्षांचा.
गळा अजून नव्या बुटासारखा करकरतो.
आनेग्रेटचं म्हणणं, हिला घ्यायलाच नको होतं,
राणी एकोणिसाची, ही चोपन्नाची,
पोस्टरवर नाव हवं, म्हणून हा खटाटोप.
ती बदलीची डच मुलगी बघा, ग्रोनिंगेनची,
मंगळवारी गायली तर अंगावर काटा आला.
"काटा आला खरा," हार्टमूट मफलर शोधत म्हणतो,
"पण तिचे उच्चार?
राणी शाप देतेय की चीज विकतेय, कळेना."
हसतात. आणि लगेच गंभीर होतात,
घरातल्या कुणाचं ऑपरेशन ठरवायला बसल्यासारखे.

मी कोट देत राहते.
माझं मत कुणी विचारत नाही, ते बरंच आहे.
कारण आज तो सूर आलाच नाही.
त्या जागी एक श्वास होता,
राणीचा नव्हे, इर्मेलाचा,
आणि शेवटचा शब्द तिने नुसता बोलून टाकला,
दाराशी आलेल्याला "नाही" म्हणावं तसा.
माझ्या हातातला हँगर हातातच राहिला.
बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.
त्याला घसरण म्हणायचं की काय, मला ठरवता येत नाही.

"रोझविटा, तुम्ही सांगा,
तुम्ही तर पहिल्या प्रयोगापासूनच्या."
दोनशे सोळा वेळा पाहिलंय तिने,
बोट्रॉपच्या दातांच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली,
वह्या भरून तारखा, कोण गायलं, कसं गायलं.
ती ओठांकडे बघते फाइटच्या, मग म्हणते,
"लागला. स्वच्छ लागला. नेहमीसारखा."
फाइट कपाळाला हात लावतो.
एवढ्या जुन्या जाणकारापुढे बोलायचं तरी काय?

मला ठाऊक आहे.
मध्यंतराची घंटा झाली
की रोझविटा एक छोटी डबी माझ्या हातात ठेवते,
"कोटाच्या खिशात टाक गं."
आत कापसावर दोन श्रवणयंत्रं,
शिंपल्यातून काढलेल्या जिवांसारखी.
दुसरा अंक ती त्यांच्याशिवाय ऐकते.
काय ऐकते, ते तिच्या वह्यांना माहीत.

एकशे बारा. डबी. झाकणाची टिचकी.
यंत्रं कानात गेली तशी ती दचकली,
चेनच्या, चिल्लरीच्या, साऱ्या जगाच्या खरखरीने.
तेवढ्यात मागचं दार उघडलं.
इर्मेला, मेकअप अर्धवट पुसलेला, नाकापर्यंत शाल.
गप्प झाले सगळे. आणि मग टाळ्या, मनापासून.
सहीसाठी पहिला पुढे कोण? फाइट,
कार्यक्रमपत्रिका धरलेला हात थरथरतोय.
"शुभ रात्री," ती म्हणाली, "सांभाळून जा, बर्फ आहे."

रोझविटा पाठमोरी, बाहीत हात घालत होती.
माझ्याकडे झुकून हळूच म्हणाली,
"कोण गं ही?
किती घसा बसलाय बिचारीचा."

मी बिल्ला खुंटीला अडकवला.
म्हटलं, "गारठाच तसा आहे."