रक्ताचं पाणी

जुबैलच्या या वॉर्डातली खिडकी उघडत नाही.
बाहेरून काचेवर मीठ चढतं, आतून आमचे श्वास.
पलीकडे समुद्र आहे असं म्हणतात.

चार नंबरला लतीफ परकार, दाभोळचे, वय एकोणसाठ.
विषाणू छातीत उतरलाय,
पण मी आता नुसती छाती बघत नाही.
पोटऱ्या चाचपते. एक दुसरीपेक्षा जाड आहे का, गरम आहे का.
गेल्या महिन्यात एकजण सुधारला होता,
दाढी करून बसला होता, घरी फोन लावला होता,
आणि पायातली गुठळी
फुप्फुसापर्यंत चालत गेली.
फोन चालूच राहिला.

सकाळी लॅबचा आकडा येतो, डी-डायमर.
रक्त आत कुठेतरी गोठतंय, कुठेतरी सुटतंय,
त्याचा हा मोजलेला चुरा.
डॉक्टर मुतवक्किल कागद लांब धरून वाचतात,
चष्म्यावर त्यांचीच वाफ.
सुदानी माणूस, हळू बोलतो.
किडनी? ठीक. प्लेटलेट? ठीक. वजन?
अठ्ठ्याहत्तर, मी सांगते.
मग ते थांबतात.
हे थांबणं मला औषधाइतकंच पाठ झालंय.
कमी दिलं तर गुठळी.
जास्त दिलं तर सात नंबरचा धनबहादूर,
ज्याच्या मेंदूत पहाटे रक्त पसरलं
आणि आम्ही सगळे आपापल्या हातांकडे बघत राहिलो.

आणखी एक, जे आम्हाला उशिरा कळलं:
जो डोस या वॉर्डात माणूस राखतो
तोच त्या काचेच्या दारापलीकडे, व्हेंटिलेटरवर,
फारसं काही राखत नाही.
औषध तेच. वेळ गेलेली.

पहिल्या इंजेक्शनआधी डॉक्टर खाटेशी बसले
आणि हेपरिन डुकराच्या आतड्यातून काढतात
हे सांगून टाकलं.
न सांगता चाललं असतं. रात्रीचे दोन वाजले होते.
लतीफचाचा मास्कमधून बराच वेळ नुसते श्वास घेत राहिले.
"तुम्ही घेतलं असतं?"
"माझ्या वडलांना दिलं. खार्तूममध्ये."
"मग टोच गो बाय."

पोटाची चिमूट, सुई, दहापर्यंत मोजणं.
चोळायचं नाही.

चौथ्या दिवशी धाप उतरली तशी वाचा फुटली.
एकवीस वर्षं इथल्या पाण्याच्या प्लांटवर.
समुद्र आत घ्यायचा, गोड करून गावाला सोडायचा.
"पडद्यावर खार धरतो गो. म्हणून दवा सोडायची, थेंब थेंब.
कमी पडली तर पाइपात दगड.
जास्त झाली तर पडदाच गेला.
रातभर मीटरवर डोळा.
तुमचं दुसरं काय आहे?"
दुसरं काही नाही, मी म्हटलं.

दाभोळला यांच्या घरी म्हणत असतील,
त्यांनी तिकडे रक्ताचं पाणी केलं.
आणि उरलंय ते आम्ही
दिवसातून दोनदा पातळ करतोय.
हे त्यांना ऐकवावंसं वाटलं. हसले असते, पण
हसले की खोकतात,
खोकले की आकडा नव्वदच्या खाली जातो.
नाही बोलले.

नळ सोडते. कोपरापर्यंत साबण.
हे पाणीही त्यांच्याच कुठल्यातरी मीटरखालून आलेलं,
जरा बेचव, कोमट,
मीठ नावाला नाही.

पोटावर जांभळे डाग, रियालच्या नाण्याएवढे,
पहिला कडेनं पिवळा व्हायला लागलाय.
चार्टवर लिहिते:
हिरड्यांतून रक्त नाही. लघवी स्वच्छ. पोटऱ्या सारख्या.
रात्रीचे नऊ.
आज डावी बाजू.