जोडपत्र तीनमध्ये नसलेली वस्तू

सेंट्रल बिल्डिंगच्या मागच्या अंगाला, जिना चढून उजवीकडे,
जिथं पंखा फिरतो त्याहून जास्त कुरकुरतो,
तिथं मी चौकश्या टंकते.
एकोणीस वर्षं झाली.
माणसं बोलतात, साहेब त्याचं सरकारी मराठी करतात,
मी त्या मराठीचा कागद करते.

आमच्या कागदात माणसाला नाव नसतं.
'अपचारी' म्हणतात,
पहिल्या तारखेपासून,
काहीही सिद्ध व्हायच्या आधी.

या अपचाऱ्याचं नाव भागवत ढमढेरे. कनिष्ठ अभियंता.
दोषारोप एक : वरिष्ठांशी उद्धट वर्तन.
दोषारोप दोन : माप पुस्तिकेवर सही करण्यास टाळाटाळ,
सबब शासकीय काम रखडले.

फुरसुंगीच्या पुढचा तो रस्ता
पन्नास मिलिमीटर जाड असायला हवा होता.
यांनी यंत्र लावून त्याला भोक पाडलं,
निघालेला तुकडा फूटपट्टीला लावला.
बत्तीस.
एवढीच टाळाटाळ.

तो तुकडा ते दर तारखेला आणतात, कापडी पिशवीतून.
गोल, काळा, बाजरीच्या दोन-तीन भाकरी
एकावर एक ठेवाव्यात तेवढा.
'हे काय?' साहेबांनी विचारलं होतं.
'पुरावा.'
'जोडपत्र तीनमध्ये आहे?'
नव्हता.
ज्यांनी जोडपत्र तीन केलं
ते कशाला घालतील.

साहेब वाईट नाहीत.
निवृत्त आहेत, प्रकरणामागे मानधन मिळतं,
गुडघा धरून जिना चढतात.
त्यांना तारीख उरकायची असते.
खरं तर मलाही.

ढमढेऱ्यांचा बचाव बघायला तयार झालेला सहकारी
आठवड्यात अक्कलकुव्याला गेला, प्रशासकीय कारणास्तव.
निर्वाह भत्त्यासाठी दर महिन्याला लिहून द्यावं लागतं,
मी दुसरीकडे कुठेही नोकरी करत नाही.
मुख्यालय सोडायचं नाही.
चुलत्याच्या दहाव्याला भोरला जायची परवानगी
तेराव्यानंतर आली.
ती टंकलेलीही मीच.
आवक-जावकचे दोन्ही शिक्के बरोबर होते.

सातव्या तारखेला कागद उडायला लागले.
बागवान शिपायांनी इकडंतिकडं पाहिलं,
पिशवीतून तुकडा काढला
आणि साक्षीच्या गठ्ठ्यावर ठेवला.
साहेबांच्या भुवया वर गेल्या.
'पुरावा नाही सर,' बागवान म्हणाले, 'वजन ठेवलंय.'

या इमारतीत वजन ठेवल्यावर कागद हलतात.
कागद जागेवर ठेवणारं वजन
मी पहिल्यांदाच पाहिलं.

मग ढमढेऱ्यांनी उपअभियंत्यांना विचारलं,
वहीत बघून, हळू आवाजात,
'पान सदतीस. माझ्या नावापुढची ही सही कोणाची?'

साक्षीदारानं खिडकीकडं पाहिलं.
ससूनच्या बाजूला एक रुग्णवाहिका ओरडत गेली.
पंख्याच्या अकरा कुरकुरी झाल्या.
लघुलिपीत गप्प राहण्याला खूण नाही,
माझी पेन्सिल कागदावर तशीच उभी.

'लिहा,' साहेब म्हणाले,
'साक्षीदाराने सांगितले की नक्की आठवत नाही.'

मी लिहिलं :
साक्षीदाराने उत्तर दिले नाही. साक्षीदार खिडकीबाहेर पाहत राहिला.

धीटपणा वगैरे काही नव्हता.
बोटं आधी गेली, भीती नंतर आली,
पान यंत्रातून बाहेर निघताना.

साहेबांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं.
'हे मी सांगितलं होतं?'
'नाही सर. झालं होतं.'

बराच वेळ त्यांनी गुडघा चोळला.
मग त्या दोन वाक्यांखाली,
जिथं सगळ्या पानांवर करतात तिथंच,
त्यांनी सही केली. थोडी वाकडी आली.

अहवाल बंद पाकिटात वर गेलाय.
वर म्हणजे कुठं, ते मला एकोणीस वर्षांत कळलेलं नाही.
ढमढेरे अजून निलंबित आहेत,
तुकडा माझ्या टेबलावर आहे.

त्या संध्याकाळी हडपसरच्या बसमध्ये
उभ्यानं, दांडा धरून,
मी टाचांनी रस्त्याची जाडी मोजत गेले.