पहिले शहाण्णव बाइट

रात्रीचे पावणेदोन. पवईच्या ऑफिसात मी आणि एसी.
फिल्टरची एक ओळ लिहिते:
पोर्ट त्रेपन्न, यूडीपी आणि टीसीपी.

कंपायलर तिच्या बारक्या उड्या करतो.
हो, तर चार पायऱ्या खाली. नाही, तर नऊ.
तळाला दोनच दारं:
ठेव. सोड.
सोडलेल्या पाकिटाला कुणी कळवत नाही.

आज मात्र तो मध्येच अडला.
म्हणाला, या अटीतून काहीच आत येणार नाही.
चालवण्याआधीच म्हणाला,
तोंडावर.

दुपारी मुलुंडला छेडा एजंट फोनवर होता:
‘बाई एकटीच. पगार बरा. आडनाव तांडेल.’
मग माझ्याकडे न बघता, ‘जागा कालच गेली हो.’
चौथी सोसायटी. चारही जागा कालच गेलेल्या.
गेटवरची ‘भाड्याने देणे’ वाऱ्यानं फडफडत होती.

‘आणि’ खोडून मी ‘किंवा’ लिहिते.
पाकिटं येऊ लागतात, कुठकुठल्या घरांतली,
झोप न आलेल्यांची.
प्रत्येकाचे पहिले शहाण्णव बाइट ठेवते,
पत्त्यापुरते.
आत काय शिजलंय
ते मी विचारत नाही.