एक सूत

मुद्देमाल खोलीत पंखा नाही.
एप्रिलात भिंतीला हात टेकला
तर तव्याची आठवण राहते तळव्यावर.
कोयते, वजनकाटे, पायपेटी एक,
जुगाराचे पत्ते, बावन्नातला किलवर सत्ता गहाळ,
असं सगळं मी वहीत उतरवतो.
मंगळवारी आली बारा बोअरची एकनळी.
आरोपी रेवणसिद्ध हत्तरकी, वय एकसष्ट,
पतसंस्थेचा राखणदार, राहणार विजापूर वेस.

परवाना होता. नूतनीकरणाचे शिक्के ओळीने.
फक्त परवान्यात नळी तीस इंच
आणि सुतळीला बांधलेली ही बुटकी.

"मोजा," फौजदार म्हणाले.
"वीसच्या वर भरली तर विनापरवाना आखूड केली, एवढंच.
वीसच्या आत आली
की ती मनाई असलेल्या शस्त्रांत जाते.
मग कलम वेगळं,
म्हाताऱ्याचं घरी जाणंही वेगळं."

माझा बाप पूर्वभागात मागावर होता.
साठ-नव्वदची चादर. तीच वीण, तोच मोर,
मधे कातर लागली की टॉवेल.
मागाला काय ठाऊक तो काय विणतोय?
"कापडाचं नाव कात्री ठेवते," बाप म्हणायचा,
आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटायचा
जे त्यानं मला कधी शिकवलं नाही.

काठी आत सोडली. तळाला टेकली.
तोंडापाशी नखानं खूण केली.
कोर्टासमोरच्या दासरी टेलरची टेप लावली:
वीस.
पुन्हा लावली: वीस, चोख.
मग दिसलं, टेपेचं टोक झिजलंय,
पहिला पाव इंच कुठल्याशा ब्लाउजात राहिलाय.
किती वेळ ती टेप हातात धरून उभा होतो
ते वहीत नाही.
वहीत आहे: स्टीलची पट्टी. पावणेवीस.

सायकलवरून पडला होता तो, बंदुकीसकट, डबक्यात.
चिखल आत वाळला, कुणी पाहिलं नाही.
गड्ड्याच्या दिवसांत पोरांनी गळ घातली
म्हणून बार काढला हवेत,
तर नळीचं तोंड फुललं केळफुलासारखं.
"कुजकं बोट कापतोच की डॉक्टर,"
एवढंच म्हणाला जबाबात.
आक्साब्लेड शेजाऱ्याचं. कानस स्वतःची.
जरा मागून कापलं, सरळ यावं म्हणून.

गुरुवारी त्याची बायको आली, महानंदा,
पदराखाली काहीतरी लांबट.
"घ्या, उरलेली. टाकली नव्हती आम्ही.
जोडा की ओ आता, पुरी होती का बघा."
ती फुंकणी होती.
फाटकं तोंड चुलीकडचं, काळं ठिक्कर,
दुसरं टोक ओठांनी गुळगुळीत झालेलं.

मी तिला सांगितलं, आई, हा आता पुरावा झाला.
मुद्देमाल क्रमांक दोन.
ती पायरीवर बसली.
"मग चूल कशानं फुंकू?"
या प्रश्नाला आमच्याकडे रकाना नाही.

संध्याकाळी बेरीज केली.
पावणेवीस. आणि दहा इंच, वर एक सूत.
तीस व्हायला एक सूत कमी.
पुन्हा केली. कमीच.
"सोडा ओ," फौजदार म्हणाले, "काय चादर विकायचीय?"

पण एक सूत तुटलं
तर बाप अख्खा माग थांबवायचा,
थुंकी लावून बोटांत पीळ द्यायचा,
गाठ मारल्याशिवाय धोटा हलू द्यायचा नाही.
मालक ओरडला तरी.

लाख वितळत होती. फुंकणीतून एकदा आरपार पाहिलं:
राखेच्या वासाचं एक गोल आकाश,
त्यात कोर्टाचा कडुनिंब.
मग शेऱ्याच्या रकान्यात, बारीक अक्षरात, लिहिलं:
लोखंड एक सूत,
करवतीनं व कानशीनं खाल्लेलं.
आरोपीच्या अंगणात कुठेतरी.
जप्त नाही.