शून्याचं टोक

फितीचं शून्याचं टोक माझ्या हातात असतं,
दुसरं साहेबांकडे.
आकडा नेहमी त्यांच्या बाजूला उमटतो.

सावद्याच्या अलीकडे, केळीच्या वखारीला लागून
निर्मला वायकोळेंचं भरीत सेंटर.
वांगी अजून काड्यांवरच भाजतात.
बाहेर हरियाणाचे ट्रक,
माल भरेपर्यंत ड्रायव्हर दोन-दोन रात्री इथेच.
ते पितातच.
टायरमागे, पाण्याच्या बाटलीत, अंधारात.
"पेतेच ना ते," निर्मलाबाई म्हणाल्या,
"मंग उजेडात बसून पेऊ द्या. पुढी ताट ठेवून."

एजंटाने पहिला अर्ज भरला तो बिअर शॉपीचा.
त्यात सीलबंद विकायचं,
गिऱ्हाइकाने पिशवीत घालून चालू पडायचं,
दुकानात बूच उघडलं तरी गुन्हा.
आठ महिने आणि सोळा हजार गेले, तेव्हा कळलं
की यांना हवं ते एफएल-तीन.
बसण्याचा परवाना.
सरकारच्या लेखी नेणं वेगळं, बसणं वेगळं,
आणि दोघांच्या फायली वेगवेगळ्या कपाटात.

नियम पंचाहत्तर मीटरचा.
शाळेच्या फाटकाच्या मध्यापासून
हॉटेलच्या दाराच्या मध्यापर्यंत,
पादचारी साधारणतः ज्या वाटेने जातो, त्या वाटेने.
एवढं एकच वाक्य मला त्या पुस्तकात आवडतं.
बाकी सगळं शुल्क आहे.

डांबरी सडकेने एक्याण्णव भरले.
साहेबांनी पेनाचं टोपण काढलं
आणि मधली सुट्टी झाली.
बाभळीच्या कुंपणातल्या फटीतून
एक पोरगी आली, एकाच पायात चप्पल,
तिच्यामागे सात-आठ जण,
सरळ निर्मलाबाईंच्या रांजणावर.
शाळेचा नळ पोळ्यापासून बंद आहे म्हणे.
ग्लास एकच.
शेवटच्याने पिऊन तो पालथा घातला
आणि सगळी आली तशी फटीतून गेली.

साहेबांनी टोपण परत लावलं.
मी शून्य घेऊन फटीकडे चाललो.
अडुसष्ट.

वखारीतला गफूर तडवी म्हणाला,
दोन काटेरी फांद्या आणून टाकतो, साहेब,
मग या वाटेने साधारणतः कोणी जाणारच नाही.
बरोबर होतं त्याचं.
नियमात बसत होतं.

निर्मलाबाई वांगं उलटत होत्या.
साल काळी पडून फुटली, वाफ आली,
तरी बोलेनात.
मग म्हणाल्या, "ते पोराइची वाट आहे.
मी दारच फिरवते. वखारीकडून काढते.
पेनाऱ्याले वळसा जड नही होत."

माझ्या आईने गावात
आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता.
बोटावरची शाई महिनाभर तिने घासली नाही.
दुकान बंद झालं.
वडील मग नदीपल्याडच्या गावाला जाऊ लागले,
जाताना तीन मैल, येताना कितीही.
साधारणतः त्याच वाटेने.
मी नोकरीला लागलो तेव्हा तिने पेढे वाटले,
खातं कुठलं ते कुणाला सांगितलं नाही.
मलाही विचारत नाही, दिवसभर काय करतो.
मोजतो, आई.

संक्रांतीनंतर परत गेलो.
जुनं दार विटांनी बुजवलेलं, नव्याचं सिमेंट ओलं.
फटीतूनच मोजलं. त्र्याऐंशी.
साहेबांनी लिहिलं, सही केली,
पुढे जळगावला टेबलं किती, ते मी सांगितलं नाही.

"पेनाऱ्यालेबी परवाना लागते म्हने?"
लागतो, मी म्हणालो, ज्याचा त्याला.
त्यावर छापलेलं असतं, प्रकृतीच्या जतनासाठी.
त्या इतक्या हसल्या
की हातातली काडी विझली.

भरीत खाऊन जा म्हणाल्या.
साहेब जीपमध्ये बसले होते.
मी रांजणापाशी गेलो, फीत गुंडाळत.
ग्लास पालथा होता.