राऊचा गतिरोधक

पुढच्या सीटच्या कव्हरला सेफ्टीपिन,
पिनेला सहा दोरे:
जांभळा तिचा हट्ट, मोरपंखी माझा,
बाकीचे शीतलामाता बाजारातल्या दुकानदाराने
सुट्टे नव्हते म्हणून दिलेले.

गाठ दोनदा मार, थोइबी सांगायची,
एकदाच मारली की घसरते.
महू ते इंदूर, जाऊन-येऊन
रोज अर्धं बोट.

तिच्या गाठी मुगाच्या दाण्यासारख्या,
माझ्या ढिल्या.
राऊचा गतिरोधक आला की
रेघ तिरकी जायची.
अजून आहे तिथेच.

मग तिच्या बाबांची बदली. जोरहाट.
चार बोटं पट्टी झालेली,
मनगटाला पुरत नाही.

काल घरी, टेबलाला पिन लावून
पुढचं विणलं.
रेघ सरळ आली.
सोडवायला गेले,
तर प्रत्येक गाठ
दोनदा मारलेली.