पांढरा मोर

सुरतेच्या रंगवाल्या शेटनं दिलेलं कॅलेंडर.
साल संपलं तरी अप्पांनी ते खिळ्यावरून काढलं नाही:
परदेशातलं तळं, तळ्यात तीन बेटं,
एकावर महाल, दहा टप्प्यांची बाग,
लिंबाच्या कुंड्या, दगडी पुतळे,
आणि कठड्यावर शेपूट सोडून बसलेला
पांढरा मोर.

साखर पेठेतल्या खोलीत
अप्पांनी ते तळं चौकटीच्या कागदावर उतरवलं,
एका घरात एक टिंब.
महिनाभर पत्ते पंच केले,
मग जेकार्डावर चढवून
खटक् खटक्
बेटं विणली. किती नग, ते वहीत आहे.
मोर तेवढा निळा केला.
छपाईत रंग राहिला असंल, म्हणाले,
मोर कुठं पांढरा असतो?

मागच्या वैशाखात ऑफिसनं धाडलं
आणि मी त्याच तळ्याकाठी
तिकीट हातात धरून उभी.
नावेत अकरा जण, दोघं भांडत होते.
बागेचे टप्पे मोजले: दहा.
पुतळ्याचा हात, आमच्याकडे
तीन धाग्यांत उरकलेला,
त्याला नखंसुद्धा होती.
पाणी मात्र कुठल्याच रंगावर थांबेना.
अप्पांनी कसं ठरवलं असेल कुठला दोरा?

कठड्यावरून तो उतरला.
पांढरा. पिसाच्या डोळ्यापर्यंत पांढरा.
मी फोटो काढला नाही.
घरी आल्यावर वर्षभर बोललेही नाही.

आज सिद्धेश्वरच्या तळ्यावर,
सोमवार नाही म्हणून गर्दी नाही.
किल्ल्याचे बुरूज पाण्यात उलटे.
अप्पा देवळाकडच्या वाटेवर मध्येच थांबतात,
माशांना मुरमुरे टाकतात,
"चूडु," म्हणतात, "आपलं बी बेटच की हे.
तिथं असंच का?"

असंच, म्हणाले. मग राहवेना:
अप्पा, मोर पांढराच होता.

त्यांनी पिशवी झटकली.
बोटांवर काहीतरी मोजलं.
"नगाला अकरा ग्रॅम निळा. फुकट गेला की."
नंतर बराच वेळ नुसते मासे.

"महाल मागून बघितलीस का?"

मागून?

"कापड मागनं बघायचं असतंय, पोरी.
पुढं सगळेच बघतेत."

नाव वळली तेव्हा दिसलं होतं ओझरतं:
धुराडं, दोरीवर वाळत घातलेल्या चादरी,
एक बाई बादली ओतत होती तळ्यात.
तेवढं सांगितलं.
त्यांनी दोनदा विचारलं, चादरी कसल्या.

रात्री त्यांनीच स्टूल लावलं.
भिंतीवरचं शेवटचं बेट खाली घेतलं, उलटं केलं.
धूळ, पालीचं एक फुटकं अंडं,
लोंबणाऱ्या दोऱ्यांचं जंगल,
आकाश गडद, पाणी मातकट,
आणि कठड्यावर,
निळा दोरा सगळा पुढं गेल्यामुळं
मागं उरलेल्या कोऱ्या सुतात
तो.

"आई गं," अप्पा म्हणाले, "इतकी वर्षं."
आणि चष्मा शोधायला लागले.
चष्मा डोळ्यांवरच होता.